चाळिशीनंतर ड्रेडलॉक्स: जटा वळण्याआधीचे तीन महिने

ड्रेडलॉक्स म्हणजे जाणीवपूर्वक वळलेल्या जटा. केसांची एक बट स्वतःभोवती गुंतत जावी, रोजचे गळालेले केस तिच्यातच अडकून राहावेत आणि वर्ष-दीड वर्षात तिची एकसंध दोरी व्हावी, एवढीच ही क्रिया आहे. तरुण डोक्यावर ती बहुधा विनासायास पार पडते. चाळिशी ओलांडलेल्यांनी मात्र एक हिशेब आधी मांडून पाहावा. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, म्हणजे 36 सेंटिमीटर लांब केसाचे टोक तीन वर्षांपूर्वी उगवलेले असते आणि मूळ आजचे असते. या तीन वर्षांत संप्रेरके बदललेली असतात, एखादे आजारपण होऊन गेलेले असते, आणि आज उगवणारे केस संख्येने कमी व पोताने बारीक झालेले असू शकतात. हातात धरलेला शेपटा भरगच्च लागला, तरी उद्या जटेचा भार पेलायचा आहे तो या आजच्या मुळांनी. म्हणून या वयात तयारी टाळूपासून सुरू करावी आणि तिला तीन महिने द्यावेत.

तीन महिन्यांचा आकडा मी अनुभवाने शिकले. बावन्नाव्या वर्षी, एका मोठ्या तापातून उठून सहा आठवडे झालेले असताना, मी उत्साहाच्या भरात जटा सुरू केल्या. जबर ताप, शस्त्रक्रिया, झपाट्याने घटलेले वजन किंवा मोठा मानसिक धक्का यांनंतर केसांचा एक मोठा गट एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातो आणि दोन ते तीन महिन्यांनी गळू लागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मोकळ्या केसांत ही गळती फणीत दिसते. जटेत ती दिसतच नाही, कारण गळालेला केस आतच राहतो. महिनाभराने कानामागची एक जटा सहज चाचपली, तेव्हा ती मधे बोटाएवढी जाड आणि टाळूपाशी सुतळीएवढी बारीक लागली. अशा चार जटा सोडवाव्या लागल्या. गळालेले केस सहा-आठ महिन्यांत परत आले खरे, पण थोडे थांबले असते तर हा खटाटोप वाचला असता. तेव्हा गेल्या तीन महिन्यांत असे काही घडलेले असेल, किंवा येत्या काळात मोठी शस्त्रक्रिया अथवा केमोथेरपी ठरलेली असेल, तर जटांचा मुहूर्त पुढे ढकलावा.

पहिली पायरी: टाळू नीट पाहणे

केस कोरडे असताना खिडकीजवळ बसावे आणि दुसऱ्या कुणाकडून डोक्याची पाच छायाचित्रे काढून घ्यावीत: कपाळावरची केसांची रेषा, दोन्ही कानशिले, माथा आणि मान. प्रत्येक ठिकाणी फणीच्या टोकाने सरळ भांग पाडून त्याचेही छायाचित्र घ्यावे. आता माथ्यावरचा भांग आणि मानेजवळचा भांग शेजारी ठेवून पाहावेत. मानेजवळचे केस वयोमानाने सहसा विरळ होत नाहीत, त्यामुळे तो भाग आपल्याच डोक्यावरचे मोजमाप ठरतो. माथ्यावरचा भांग त्याच्यापेक्षा स्पष्टपणे रुंद दिसत असेल, तर तेथील केस विरळ होऊ लागले आहेत असे समजावे. स्त्रियांमध्ये विरळपणा बहुधा मधल्या भांगापासून दोन्ही बाजूंना पसरतो आणि कपाळावरची रेषा टिकून राहते, तर पुरुषांमध्ये तो कानशिलांच्या वरच्या कोपऱ्यांत आणि माथ्यावर आधी दिसतो.

यानंतर ओढून पाहण्याची चाचणी करावी. केस न धुता एक दिवस जाऊ द्यावा, मग चाळीस-साठ केसांची बट बोटांच्या चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलक्या, सलग ओढीने बोटे सरकवावीत. दोन-चार केस हाती आले तर काळजीचे कारण नाही, कारण दिवसाला 50 ते 100 केस गळणे स्वाभाविकच असते. वेगवेगळ्या ठिकाणी प्रत्येक वेळी सहापेक्षा अधिक केस निघत असतील, तर गळती चालू आहे असे धरावे आणि त्वचारोगतज्ज्ञांना भेटावे. या वयात ते बहुधा थायरॉइडची आणि शरीरातील लोहाच्या साठ्याची, म्हणजे फेरिटिनची, रक्ततपासणी सुचवतात. दोन्हींतील बिघाडाने केस गळतात आणि दोन्हींवर उपचार होतो.

काही खुणा दिसल्यास जटांचा विचार तेथेच थांबवून आधी डॉक्टरांकडे जावे. नाण्याएवढा गुळगुळीत गोल चट्टा ही चाई असू शकते. केसांची रेषा मागे सरकते आहे, त्या पट्ट्यातील त्वचा फिकट व चकचकीत दिसते आणि भुवयाही विरळ होत आहेत, असे एकत्र दिसले तर ते अधिक गंभीर मानावे. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये प्रामुख्याने आढळणारा आणि 1994 साली प्रथम वर्णिलेला एक विकार असाच दिसतो. त्यात केसांची मुळे व्रणात बदलून कायमची नष्ट होतात, आणि अशा त्वचेवर ओढ देणे म्हणजे उरलेले केसही गमावणे होय.

नुसता विरळपणा असेल तर जटा करता येतात, मात्र आखणी बदलावी लागते. जटा टाळूवर ज्या चौकोनातून उगवते, तो दाट केसांत दोन ते अडीच सेंटिमीटरचा असतो. विरळ भागात जटा बारीक ठेवून त्यांची संख्या वाढवण्याचा मोह होतो, कारण त्यामुळे टाळू झाकली जाईल असे वाटते. माझ्या मते हा मोह टाळावा. बारीक जटेला मुळाशी मोजकेच केस असतात, आणि त्यांतले थोडे जरी गळाले तरी ती तुटून हातात येते. त्याऐवजी चौकोन थोडा मोठा ठेवावा, जटा सैल वळावी आणि भांगांची रचना भिंतीतल्या विटांप्रमाणे करावी, म्हणजे वरच्या ओळीतील जटा खालच्या ओळीतील दोन जटांच्या मधल्या फटीवर येते आणि टाळूचे पांढरे रस्ते दिसत नाहीत. कपाळावरच्या अगदी पुढच्या ओळीतील मऊ, आखूड केस जटेत घेऊच नयेत.

केसवाढीसाठी मिनॉक्सिडिल लावत असाल तर ते जटांसाठी बंद करू नये. ते सोडल्यास त्यामुळे टिकलेले केस पुढील काही महिन्यांत गळतात. जटांच्या मधले भांग उघडेच असल्याने औषध टाळूपर्यंत पोहोचवणे उलट सोपे जाते. मात्र द्रवरूपात प्रॉपिलीन ग्लायकॉल असेल तर चिकटपणा राहतो आणि काहींना खाजही सुटते, म्हणून फेसाच्या स्वरूपातील औषध चालेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

दुसरी पायरी: कोंडा आणि खाज मिटवणे

कोंडा अंगावर ठेवून जटा सुरू करू नयेत. मोकळ्या केसांतून पापुद्रे झडून जातात, जटेत ते गाभ्यापर्यंत शिरतात आणि पुढे पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने कायमचे दिसत राहतात. शिवाय जटा नव्या असताना पहिले काही आठवडे जोराने खाजवता येत नाही आणि वरचेवर धुता येत नाही. केटोकोनाझोल 2 टक्के असलेला शांपू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटे टाळूवर ठेवून, दोन ते चार आठवडे वापरल्यास तेलकट, पिवळसर कोंडा बहुधा आटोक्यात येतो. तो आला नाही, किंवा पापुद्रे जाड, चंदेरी आणि स्पष्ट कडा असलेले असतील, तर सोरायसिसची शक्यता तपासून घ्यावी. सोरायसिसमध्ये त्वचेला जेथे इजा होते तेथे नवा चट्टा उठू शकतो, त्यामुळे क्रोशाच्या सुईने केस गुंतवून जटा करायच्या की नाही, हा निर्णय चट्टे शांत असतानाच आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा.

तिसरी पायरी: कलप, मेंदी आणि पांढरे केस

पांढरा केस रंगद्रव्य गमावलेला असतो आणि अनेकांच्या बाबतीत तो राठ, कोरडा व मनस्वी असतो. जटेतून सुटून तो लहान कमानीसारखा बाहेर डोकावतो, आणि त्याला चिकटवण्यासाठी मेण लावण्याची सूचना कुणीतरी हमखास करते. मेण लावू नये. ते पाण्याने निघत नाही, धूळ धरून ठेवते आणि आतला ओलावा बाहेर पडू देत नाही. डोकावणारे केस कालांतराने आपोआप आत ओढले जातात.

खरा निर्णय रंगाचा आहे. जटा झाल्यावर केस रंगवता येतात, पण जटेच्या आत शिरलेला कलप धुऊन काढायला फार वेळ लागतो आणि राहिलेली रसायने टाळूवर उतरत राहतात. म्हणून रंग पुढे चालू ठेवायचा की सोडायचा, हे आधीच ठरवावे. चालू ठेवायचा असेल तर शेवटचा रंग जटांच्या किमान दोन आठवडे आधी लावावा, आणि नवा कलप असेल तर कानामागे 48 तास चाचणी घेऊनच लावावा, कारण गडद कलपांतील पीपीडी या रसायनाची ॲलर्जी वर्षानुवर्षे वापरणाऱ्यालाही अचानक होऊ शकते. सोडायचा असेल तर जटेचा वरचा भाग रुपेरी आणि खालचा काळा, असे काही वर्षे दिसेल. मी तसेच राहू दिले, आणि मला ते आवडते.

मेंदीबाबत एक व्यावहारिक अडचण आहे. तिच्या भुकटीचे बारीक कण मोकळ्या केसांतूनही दोन-तीन धुण्यांनी जातात, जटेतून ते जातच नाहीत. जटा सुरू करण्यापूर्वी मेंदी लावायची असल्यास महिनाभर आधी लावावी आणि धुतल्यावर पांढऱ्या पंचावर केस झटकून पाहावेत. पंचावर हिरवट-तपकिरी कण दिसणे थांबेपर्यंत केस तयार झालेले नाहीत.

ब्लीच केलेली टोके आणि रसायनांनी सरळ केलेले केस यांचा प्रश्न वेगळा आहे. केस कायमचे सरळ करणारी रसायने केसातील गंधकाचे बंध तोडतात, त्यामुळे सरळ केलेला जुना भाग आणि नैसर्गिक नवा भाग यांच्या सांध्यावर केस सर्वांत कमकुवत असतो. त्या सांध्याला जटेचा भार दिला की तो तेथेच तुटतो. सरळ केलेला भाग कापून टाकावा किंवा पुरेसे नवे केस येईपर्यंत थांबावे. ओला केस दोन बोटांत धरून अलगद ताणून पाहावा. निरोगी केस थोडा ताणला जातो आणि सोडल्यावर पूर्ववत होतो, तर खराब झालेला चिंगमसारखा लांबत जातो किंवा लगेच तुटतो.

चौथी पायरी: लांबी

घट्ट कुरळ्या केसांना पाच ते आठ सेंटिमीटर लांबीही पुरते आणि त्यांच्या जटा नुसता पीळ देऊन किंवा दोन पेडांत गुंफून सुरू होतात. सरळ केसांना उलटे विंचरून आणि क्रोशाच्या सुईने गुंतवावे लागते, त्यासाठी किमान 15 सेंटिमीटर लांबी असावी. गुंतताना सरळ केसांची लांबी एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक घटते, हे लक्षात घेऊनच कात्री चालवावी.

पाचवी पायरी: साचलेला थर काढणे

केस गुंतण्यासाठी एकमेकांवर घासले गेले पाहिजेत, आणि कंडिशनर, सिरम व तेल यांचे कामच ते घासले जाऊ नयेत असे असते. बाटलीवरील घटकांच्या यादीत डायमेथिकोनसारखे ‘कोन’ने संपणारे शब्द असतील तर त्यात सिलिकोन आहे. ते पाण्यात विरघळत नाही आणि केसावर पातळ आवरण धरून राहते. शेवटच्या दीड महिन्यात अशी उत्पादने थांबवावीत आणि आठवड्यातून एकदा खोल स्वच्छता करणारा, अवशेष न सोडणारा शांपू वापरावा. पाणी जड असेल, म्हणजे नळांवर आणि बादलीच्या कडेवर पांढरा थर धरत असेल, तर केसांवरही कॅल्शियमचा तसाच थर बसलेला असतो. त्यासाठी ईडीटीए असलेला शांपू दोन-तीन वेळा वापरावा. जड पाण्यात साबणाची वडी मात्र वापरू नये, कारण साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारा चिकट मळ तयार होतो आणि जटेच्या आतला राखाडी थर बहुधा तोच असतो.

थर निघाला की नाही हे हाताला कळते. धुऊन स्वच्छ केलेली ओली बट अंगठा आणि तर्जनी यांमधून ओढली की काचेवर बोट घासल्यासारखा किंचित चर्रर्र आवाज येतो आणि बोटे अडखळत सरकतात. ती साबण लावल्यासारखी निसटत असतील, तर अजून एक-दोन धुणी बाकी आहेत. केस वाळल्यावर एका बटेवर पाण्याचा थेंब सोडून पाहावा. थर असेल तर थेंब मण्यासारखा तरंगत राहतो.

खाण्याच्या सोड्याने केस धुण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. सोड्याच्या द्रावणाचा पीएच आठच्या वर असतो, टाळूचा साधारण साडेपाचच्या आसपास असतो, आणि वयाबरोबर, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, टाळूवरील तेल कमी होत असल्याने हा फरक सोसण्याची तिची क्षमताही घटते. जटा सुरू होण्यापूर्वी एखाद्या वेळी वापरल्याने अनर्थ होणार नाही, पण त्याची सवय करू नये. याच कारणाने स्वच्छतेचाही अतिरेक नको. टाळू ताणल्यासारखी वाटू लागली तर आठवडाभर सौम्य शांपूवर यावे आणि रात्री टाळूला, केसांना न लावता, दोन थेंब हलके तेल लावावे.

सहावी पायरी: मान, खांदे आणि रोजच्या वस्तू

याविषयी तरुणांसाठीच्या सूचनांत सहसा काही नसते. जटा सुरू करण्याचे काम एका बैठकीत चार ते आठ तास चालू शकते आणि त्यात मान बराच वेळ वाकलेली राहते. मानेच्या मणक्यांचा त्रास असेल तर काम दोन किंवा तीन दिवसांत विभागून घ्यावे आणि दर तासाला उठावे. खांदा आखडलेला असेल तर पुढची निगा, म्हणजे मुळाशी वाढलेले केस पुन्हा गुंतवणे, स्वतःच्या हाताने जमेल का, हे पाठीमागे हात नेऊन आजच पाहावे. जमत नसेल तर ते कोण करणार, हे ठरल्याशिवाय सुरुवात करू नये. ओल्या जटा बऱ्याच जड होतात, त्यामुळे दुखऱ्या मानेने कमरेपर्यंतच्या लांबीचे बेत आखू नयेत.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी कानामागची पहिली ओळ एक बोट वर घ्यावी. झोपेत श्वासासाठी मुखवटा लावणाऱ्यांनी त्याचे पट्टे डोक्यावर कोठून जातात, तेथे खडूने खूण करून त्या रेषेत जटेची गाठ येणार नाही असे पाहावे. जटांत धातूचे मणी किंवा कड्या घालायच्याच असतील तर सहज निघतील अशाच घालाव्यात, कारण एमआरआय तपासणीपूर्वी त्या काढाव्या लागतात आणि या वयात ती तपासणी कधी करावी लागेल ते सांगता येत नाही.

सातवी पायरी: एक जटा आधी करून पाहणे

सगळ्या तयारीत मी या पायरीला सर्वाधिक महत्त्व देते. ठरलेल्या दिवसाच्या तीन-चार आठवडे आधी कानामागे, वरच्या केसांखाली झाकली जाईल अशा ठिकाणी, एकच जटा वळून घ्यावी. पहिले दोन दिवस किंचित ताण जाणवणे समजण्यासारखे आहे. तिसऱ्या दिवशीही उशीला डोके टेकल्यावर दुखत असेल, मुळाशी लालसरपणा किंवा बारीक पांढऱ्या पुटकुळ्या आल्या असतील, तर ती फार घट्ट वळली गेली आहे. सततच्या अशा ओढीने गळणारे केस सुरुवातीला परत येतात, पण ओढ वर्षानुवर्षे चालली तर ती मुळे कायमची बंद पडतात. ही जटा नेहमीप्रमाणे धुवावी आणि किती वेळात गाभ्यापर्यंत वाळते ते पाहावे. रात्री झोपतानाही ती आतून दमट लागत असेल, तर आपण डोके सकाळीच धुवायला हवे हे कळते. दमट राहिलेल्या जटेला कुबट वास येऊ लागतो आणि तो पुढे जात नाही. तीन आठवड्यांनी मुळाची जाडी पुन्हा चाचपावी, आणि ती पहिल्या दिवसापेक्षा बारीक लागली तर तारीख पुढे न्यावी.

शेवटचा आठवडा

शेवटच्या दोन आठवड्यांत कंडिशनर आणि शेवटच्या आठवड्यात तेल पूर्ण बंद ठेवावे. आदल्या दिवशी सकाळी केस दोनदा धुवावेत, पंचाने न रगडता टिपून घ्यावेत आणि आपोआप वाळू द्यावेत. वाळल्यावर रुंद दातांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे गुंता काढावा, कारण आधीपासून वाकडेतिकडे गुंतलेल्या केसांत सरळ चौकोन पाडता येत नाहीत. काम दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर माथ्याची आणि कानशिलांची छायाचित्रे सोबत न्यावीत, विरळ भाग बोटाने दाखवावा, कोणती औषधे टाळूला लावता ते सांगावे आणि पहिल्या तीन-चार जटा झाल्यावर थांबायला सांगावे. त्या वेळी भुवया वर करून पाहाव्यात, डोके दोन्ही बाजूंना फिरवावे आणि हनुवटी छातीला टेकवावी. कोठेही टाळू ताणली गेली तर त्याच क्षणी सांगावे आणि तेवढ्या जटा सैल करून घेऊनच पुढच्या ओळीला हात लावू द्यावा.